धुतलेले पोवळे

प्राध्यापक केशवराव बोंदरे यांची आणि माझी पहिली ओळख माझ्या बोटातल्या अंगठीमुळे झाली. कॉलेजातला माझा पहिलाच आठवडा होता. सर बेडूक फाडून दाखवत होते आणि आम्ही टेबलाभोवती दाटीने उभे होतो. मध्येच त्यांनी कात्री खाली ठेवली आणि माझ्या हाताकडे पाहिले.

"काय आहे ते?"

"पोवळं, सर. मंगळ कडक आहे म्हणून वडिलांनी इतवारीच्या बाजारातून आणून दिलं."

वर्ग हसला. आता भोळ्या समजुतींवर दहा मिनिटे बोलणी खावी लागणार असे मला वाटले. सरांनी अंगठी मागून घेतली, भिंगाखाली धरून तीनदा फिरवली आणि परत दिली.

"मंगळाचं मला काही कळत नाही. पण हे कोणीतरी बांधलेलं आहे. कोणी, ते माहीत आहे?"

"नाही, सर."

"मग काढू नकोस. ते कळेपर्यंत तरी घाल."

ती अंगठी अजून माझ्या बोटात आहे. सरांना साठ वर्षे पूर्ण झाली म्हणून निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या संशोधनावर लिहिण्याचे काम समितीने माझ्याकडे दिले, तेव्हा पहिल्यांदा आठवली ती हीच गोष्ट. मी विद्यार्थिदशेपासून रोजनिशी लिहितो. पुढचे सारे त्या वह्यांशी ताडून पाहिले आहे. जिथे आठवण आणि वही यांचे जुळले नाही, तिथे मी वहीचे ऐकले आहे, कारण माझी आठवण माझ्या सोयीने वागते असे मला पुष्कळदा दिसून आले आहे.

सरांचा जन्म हिंगण्याजवळच्या एका शेतकरी घरातला. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांना दोन मुले झालेली होती. तरीही पोवळ्यांनी त्यांना लहान वयातच धरले होते. एका नातलगाने रामेश्वराहून सेतूच्या वाळूबरोबर पोवळ्याचा एक पांढरा तुकडा आणला होता. घरच्यांनी वाळू देवापुढे ठेवली आणि तुकडा या मुलाच्या हाती आला. त्या तुकड्याच्या एका फांदीला एक गोल भोक होते. ते कोणी पाडले, हा प्रश्न आपण हायस्कुलात सर्व मास्तरांना विचारला आणि एकानेही 'ठाऊक नाही' असे उत्तर दिले नाही, असे सर सांगतात. सर स्वतः मात्र 'मला ठाऊक नाही' हे वाक्य वर्गात अगदी सहज उच्चारत. आम्हाला सुरुवातीला त्यात कमीपणा वाटे. आज मी स्वतः शिकवतो, आणि ते वाक्य तोंडून बाहेर काढायला किती बळ लागते ते मला रोज कळते.

त्यांच्या शिकवण्याविषयी इतरांनी या ग्रंथात लिहिलेच असेल. मी एकच गोष्ट नोंदवतो. खेड्यातून आलेल्या मुलांना इंग्रजी व्याख्याने डोक्यावरून जात. सर त्यांना शनिवारी दुपारी थांबवून घेत आणि तोच भाग मराठीत सांगत. तारामाशाच्या अंगाखाली शेकडो मऊ, पोकळ पाय असतात. त्यांना ते 'नळीपाय' म्हणत. एका मुलाने विचारले, "सर, हा शब्द कोणत्या पुस्तकात आहे?" सर म्हणाले, "तुझ्या वहीत. आत्ताच लिहिलास नं?"

अशा शनिवारी सौ. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, घरून ज्वारीच्या भाकरी आणि झुणका पाठवीत. भाकरी नेहमी दोन जास्त असत. त्या कोणासाठी, हे कोणी बोलत नसे. वसतिगृहातला खर्च न झेपणारे आम्ही दोघे होतो. माझ्या वहीत त्या वर्षीच्या एका शनिवारी एवढेच लिहिलेले आहे: 'आज मोजल्या. दोनच जास्त. म्हणजे चुकून नव्हे.'

आता मुख्य विषयाकडे येतो.

आमच्या प्रयोगशाळेत पोवळ्यांचे एक काचेचे कपाट होते. त्यातली पोवळी शुभ्र असत, आणि पाहुणे आले की त्यांना प्रथम ते कपाट दाखवले जाई. ती शुभ्र राहत ती गणपतमुळे. गणपत हा कामठीचा, प्रयोगशाळेतला सर्वांत जुना शिपाई. नवीन पोवळे आले की तो चिमट्याने त्याच्या फांद्यांमधले मेलेले खेकडे, कोळंब्या, किडे एकेक उपसून काढी, मग धुऊन उन्हात ठेवी. हा नियम सरांनीच घालून दिलेला होता, कारण आत काही राहिले तर वास सुटतो आणि कपाट बिघडते. गणपतने तो मला शिकवला आणि मी तो मन लावून शिकलो. स्वच्छता हा माझा गुण आहे असे मला तेव्हा वाटत असे.

मी शेवटच्या वर्षाला असताना सरांनी रजा काढली आणि आम्ही तिघे, म्हणजे सर, गणपत आणि मी, रामेश्वराकडच्या किनाऱ्याला निघालो. बल्हारशाहकडून थेट गाडी तेव्हा नव्हती. भुसावळ, पुणे, रायचूर असा मोठा वळसा घालून जावे लागे. आम्ही यात्रेला चाललो अशीच सीताबर्डीवर बातमी पसरली होती, आणि सरांच्या मातोश्रींनी गंगाजलाची लोटी बरोबर दिली होती. सरांनी ती पूर्ण प्रवासभर मांडीवर सांभाळली आणि पोहोचल्यावर सर्वांत आधी देवळात जाऊन वाहिली. मला आश्चर्य वाटलेले पाहून म्हणाले, "आईनं सांगितलेलं काम आहे. माझं काम उद्यापासून."

गणपतने समुद्र पाहिला, ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि थुंकला. "इतकं पानी, साहेब, आन् प्याले थेंब नाही! कोनाच्या कामाचं हाय हे?"

"त्याच्यात राहतात त्यांच्या," सर म्हणाले.

सरांना पाहायचे होते ते असे. तिथल्या उथळ पाण्यात झुडपासारखी फांद्याफांद्यांची पोवळी असतात. एक काटेरी तारामासा त्यांवर चढतो, आपले पोटच तोंडाबाहेर काढून पोवळ्यावर पसरतो आणि वरचा जिवंत थर खाऊन टाकतो. मागे उरतो तो पांढरा सांगाडा. तारामासा पोवळे कसे निवडतो, हा सरांचा प्रश्न होता. किनाऱ्यावर झावळ्यांच्या मांडवाखाली अर्धी कापलेली दोन लाकडी पिंपे ठेवली. दिवसातून अनेक वेळा बादल्यांनी पाणी बदलायचे. प्रत्येक पिंपात पोवळ्याचा एक गुच्छ, एक तारामासा. सर पाहणार, सांगणार, मी लिहिणार.

पहिल्या दिवशी सरांनी मला तिथल्या एका होडीवाल्याबरोबर गुच्छ आणायला पाठवले. त्यांचे शब्द माझ्या वहीत आहेत: 'जसे आहे तसे आण.' मी आणले. पहिला गुच्छ तसाच पिंपात सोडला. दुसरा सोडण्यापूर्वी फांद्यांत लहानलहान खेकडे दिसले. बोटाच्या नखाएवढे, तांबूस, चकचकीत. एक कोळंबीही होती. ती नांगीने टक्क असा आवाज करी. इतके सुंदर पोवळे आणि आत ही घाण, असे मला वाटले. मी चिमटा काढला. पाच खेकडे आणि ती कोळंबी उपसून स्पिरिटच्या बाटलीत टाकली. पहिल्या गुच्छातलेही काढणार होतो, तोच सरांनी हाक मारली आणि ते राहून गेले.

त्या दिवशी दुपारपर्यंत दुसऱ्या पिंपातला तारामासा पोवळ्यावर चढला आणि खाऊ लागला. पहिल्या पिंपातला जवळ जाई, एक हात वर टाकी आणि मागे घेई. सर चक्रावले. त्यांनी तारामासे बदलून पाहिले, पाणी बदलून पाहिले. फरक पडला नाही. पहिले पोवळे वाचले, दुसरे अर्धे पांढरे झाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सरांनी निष्कर्ष सांगायला सुरुवात केली. मी लिहीत होतो. "दुसरा गुच्छ वयाने जुना किंवा रोगट असावा. तारामासा दुबळे पोवळे ओळखून..."

माझा हात थांबला. त्याच सकाळी मी माझ्या रोजनिशीत मागचे पान उघडले होते. तिथे माझ्याच अक्षरात होते: 'दुसरा गुच्छ चिमट्याने साफ केला.' आता त्याच अक्षरात मी दुसऱ्या वहीत तो रोगट असल्याचे लिहीत होतो. हे वाक्य पुढे सरांच्या लेखातून इंग्लंडला जाणार, छापले जाणार. आणि सांगावे तर दोन दिवस मी का बोललो नाही, हेही सांगावे लागले असते. खरे उत्तर इतकेच की सरांची आज्ञा मोडली हे मला पहिल्याच दुपारी उमगले होते, आणि त्यांच्या नजरेतून उतरण्याची मला भीती वाटत होती.

"काहून थांबला?" सर म्हणाले. विचारात असले की ते घरच्या बोलीवर येत.

"सर, दुसरा गुच्छ मी साफ केला होता."

"साफ म्हणजे?"

"आतले खेकडे काढले. पाच. आणि एक कोळंबी."

"कुठं आहेत?"

"स्पिरिटमध्ये."

"आन् पहिल्यातले?"

"आहेत तसेच आहेत."

मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही. तेवढ्यात गणपत मध्ये पडला. बादली खाली ठेवून तो पुढे आला.

"साहेब, त्याले बोलू नका. मीच शिकवलं त्याले. अन् मले कोनं शिकवलं? कपाटातल्या पोवळ्यात एक किडा राह्यला होता तं तुम्हीच मले आठ दिवस बोलून राह्यले होते."

सर गणपतकडे पाहत राहिले आणि मग इतक्या जोराने हसले की होडीवाला वळून पाहू लागला. "म्हणजे इतकी वर्षं मी हेच उपसून फेकत होतो, गणपत! कपाट पांढरं राहावं म्हणून!" मग ते माझ्याकडे वळले. हसू थांबले होते. "दोन दिवस चूप राहिलास, ते वाईट केलंस. आता पूर्ण लिही. किती वाजता काढले, कशाने काढले, किती काढले. आधीचं वाक्य खोड, पण फाडू नकोस. आपण काय चुकीचं लिहिणार होतो तेही दिसलं पाहिजे."

मग आम्ही तिघे पहिल्या पिंपाभोवती ओणवे झालो आणि आमच्या डोळ्यांसमोर असूनही न पाहिलेली गोष्ट पाहिली. तारामाशाने हात पोवळ्यावर टाकला. फांद्यांतून दोन खेकडे धावत बाहेर आले. त्यांनी त्याचे नळीपाय नांगीत धरून चिमटे काढले, ओढले, अंगाने हिसके दिले. आतून कोळंबीचे टक्क, टक्क सुरू झाले. तारामाशाने हात आखडून घेतला. खेकडे आत गेले.

"लय खटनट हाय हे, हटत नाही," गणपत म्हणाला. "भाडेकरू नाही वाटत, साहेब. घरधनीच वाटते."

रजेचे चार दिवस उरले होते. त्या चार दिवसांत सरांनी जे काम केले तसे काम मी नंतर कोणाला करताना पाहिले नाही. त्यांनी होडीवाल्याकडून आणखी पिंपे मिळवली. पहिल्या गुच्छातले खेकडे काढले, तारामासा चढला. खेकडे नसलेल्या नव्या गुच्छात दुसऱ्या पोवळ्यातले जिवंत खेकडे सोडले. चढू लागलेला तारामासा परतला. एका पिंपात मात्र खेकडे असूनही पोवळे खाल्ले गेले. मी ते पिंप वगळायचे का असे विचारले. सर म्हणाले, "ते सर्वांत आधी लिही." उन्हाने त्यांच्या पाठीची साल निघाली होती. शेवटच्या दिवशी गाडीची वेळ झाली तरी ते पाण्यात उभे होते, आणि गणपतने त्यांना अक्षरशः दंडाला धरून बाहेर काढले.

खेकड्याला पोवळ्याकडून राहायला जागा आणि त्याच्या अंगावरचा चिकट स्राव खायला मिळतो, एवढे आम्हाला दिसले. पोवळ्याला खेकड्याकडून राखण मिळते, हेही दिसले. ग्रंथांत तेव्हा या खेकड्यांना फुकट राहणारे पाहुणे म्हटलेले होते. सरांनी लेख लिहिला. त्यात सरळ नोंदवले होते की ही गोष्ट लक्षात आली ती 'माझा विद्यार्थी नारायण पिंपळकर याने सूचना मोडून एक गुच्छ साफ केल्यामुळे'.

लेख पाठवण्यापूर्वी सरांनी तो मला वाचायला दिला. मी हादरलो. त्याच महिन्यात कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरच्या जागेसाठी माझी मुलाखत होती. आज्ञा मोडणारा, दोन दिवस लपवणारा माणूस प्रयोगशाळेत कोण घेईल? भर दुपारी मी धंतोलीतल्या त्यांच्या घरी गेलो आणि माझे नाव काढावे अशी विनंती केली. वडील तोवर गेले होते, घरी आई होती, दोन बहिणी होत्या; हे मी सरांना सांगितले. ते खरे होते. मात्र माझ्या भीतीचे ते एकच कारण नव्हते, हेही खरे आहे.

सर म्हणाले, "नाव काढतो. चूक काढता येणार नाही." आणि पेन्सिलने ओळ बदलली. काय बदलले ते मी पाहिले नाही. काकूंनी ताक दिले, ते पिऊन मी निघालो.

मुलाखतीत मला जागा मिळाली. इंग्लंडच्या नियतकालिकाने लेख परत केला. निष्काळजीपणातून निघालेला प्रयोग विश्वासार्ह नाही असा त्यांचा शेरा होता. तेव्हाच्या वरिष्ठांनी सरांना सल्ला दिला की खेकडे आपण मुद्दामच काढले असे लिहा, लेख हमखास घेतला जाईल. विभागप्रमुखाची जागा रिकामी होती आणि असा एक लेख असता तर ती सरांनाच मिळाली असती. सरांनी उत्तर दिले, "मुद्दाम काढायची बुद्धी मला झाली नव्हती. ती झाली असं कसं लिहू?" विभागप्रमुख दुसरे झाले. लेख आमच्या कॉलेजच्या वार्षिकात छापला गेला.

छापून आल्यावर ती ओळ मी वाचली. माझ्या नावाच्या जागी होते: 'आमच्या प्रयोगशाळेत मी घालून दिलेल्या सवयीमुळे एक गुच्छ साफ केला गेला.' त्यात एक अक्षरही खोटे नव्हते. आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटे की चूक सरांचीच. कॉलेजात त्यांना 'पोवळे धुणारे प्रोफेसर' म्हणू लागले. स्नेहसंमेलनातल्या एका प्रहसनात चिमटा घेऊन समुद्र स्वच्छ करायला निघालेला प्रोफेसर होता. मी प्रेक्षकांत बसलो होतो, सर पहिल्या रांगेत. ते हसले. मी हसलो की नाही, ते माझ्या वहीत नाही. त्या दिवशीचे पान कोरे आहे.

ही गोष्ट वीस वर्षे मी कोणाला सांगितली नाही. आज ती इथे लिहितो: तो गुच्छ मी साफ केला. चूक माझी होती, मौनही माझे होते, आणि त्यांची किंमत सरांनी भरली.

समितीतल्या एका स्नेह्यांनी मसुदा वाचून सुचवले की गौरवग्रंथात हे नको. त्यापेक्षा गुरू हे पोवळे आणि शिष्य हे राखण करणारे खेकडे अशी सुंदर उपमा घालता येईल. मला त्यांचा मान ठेवायचा होता. म्हणून गेल्या रविवारी मसुदा घेऊन मी सरांकडेच गेलो. गणपतही तिथे होता. निवृत्त झाल्यापासून तो दर रविवारी कामठीहून येतो. लेबले वाचायला सरांनी त्याला शिकवले होते. आता तो सरांना वर्तमानपत्र वाचून दाखवतो, कारण सरांच्या डोळ्यांना बारीक अक्षर सोसत नाही.

उपमा ऐकून सर वैतागले. "खेकड्याले गुरुभक्ती समजत नाही, नारायण. त्याले त्याचं घर समजते. राखते ते त्याच्यासाठी. तेवढंच लिही. अन् माझी राखण तू कधी केली?"

गणपत म्हणाला, "उलटंच झालं होतं थे, साहेब."

"दुसरं जे लिहिलं आहेस," सर म्हणाले, "ते राहू दे. पण अपुरं आहे. मुलाखतीच्या वेळी घाबरलास, ते लिहिलं आहेस. इतकी वर्षं काहून नाही बोलला, ते नाही लिहिलं."

त्याचे उत्तर मी घरी येऊन शोधले. सरांनी कधी विचारले नाही, म्हणून मला बोलावे लागले नाही. त्यांच्या भलेपणाच्या आड मी राहत होतो, आणि ती जागा मला सोयीची होती. याहून बरे उत्तर माझ्याकडे नाही.

सरांचे मन मात्र माझ्या कबुलीत फारसे नव्हते. मेजावर नकाशा होता. युद्धाच्या वर्षांत त्या किनाऱ्यावर जायची परवानगी मिळाली नाही. आता मिळाली आहे. या हिवाळ्यात ते पुन्हा जात आहेत. या खेपेला पिंपे बारा. सहांत खेकडे असतील, सहांत नसतील, आणि कशात आहेत व कशात नाहीत हे नोंद करणाऱ्याला कळू द्यायचे नाही, म्हणजे त्याची इच्छा त्याच्या डोळ्यांत शिरणार नाही. खेकडे काढणार गणपत. नोंद करणार मी. कॉलेजातून माझी रजा मंजूर झाली आहे. काकूंना या वयातल्या बेताची काळजी वाटते का, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "काळजी कशाची? यांना घरी ठेवलं तर मलाच बारा पिंपांत घालतील."

"गणपतच्या पोटात गुपित राहील का?" मी विचारले.

"तुह्या पोटात वीस वर्सं राह्यलं नं," गणपत म्हणाला. "माह्या पोटात पंधरा दिवस नाही राहनार?"

निघताना सरांनी विचारले, "लेख झाला तर या खेपेला नाव घालू?"

"घाला," मी म्हणालो. "जे होईल त्यासकट घाला."

आपल्या सर्वांच्या वतीने मी सरांना उत्तम आरोग्य चिंततो. त्यांचे पाय भरतीच्या पाण्यात घट्ट राहोत आणि त्यांच्या डोळ्यांना नळीपाय स्पष्ट दिसोत. त्यांचे नवे म्हणणे छापून आलेले पाहण्याइतके आयुष्य त्यांना लाभो, आणि ते चुकीचे ठरले तर स्वतःच्या हाताने खोडून पुन्हा लिहिण्याइतकी आणखी पुष्कळ वर्षे त्यापुढे लाभोत.